सारवण

आमच्या भागात पिकअप कोणाची, हे नंबरपेक्षा हौद्यावरून लवकर कळतं. तळाशी कांद्याचे पापुद्रे उडत असले तर गडी लासलगावच्या वाटेचा. फाळक्याच्या कडेला लालसर चिकट थर वाळलेला असला तर पिंपळगाव बसवंतला टोमॅटो नेणारा. पत्र्यावर कॅनच्या बुडाच्या गोल खुणा दिसल्या तर दूधवाला, आणि कोपऱ्यात लेंड्या अन् सुबाभळीचा पाला दिसला तर शेळ्यांचा व्यापारी. लोक बॉनेट रोज पुसतात, पुढच्या काचेवर देवाचं नाहीतर पोराचं नाव रंगवून घेतात, लिंबू-मिरची बांधतात. हौद्यात मात्र कोणी डोकावत नाही. पैसा तिथूनच येतो आणि गाडी मरते तीही तिथूनच. इंजिनाला मिस्त्री आहे, टायरला दुकान आहे. तळाचा पत्रा एकदा खाल्ला गेला की भंगारवाल्याशिवाय कोणी विचारत नाही.

आमची पिकअप आम्ही दोघा भावांनी २०१९ साली घेतली. दुसऱ्या हातची. आधीचा मालक द्राक्षबागवाला होता. गाडी चालायला खणखणीत. पण हौद्याच्या तळाला जागोजागी हिरवट-तांबूस डाग होते. ते कशाचे, हे आम्हाला सांगावं लागलं नाही. मोरचुदाचे.

बागेत बोर्डो मिश्रण करायचं म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात कोणी भिजवत नाही, प्लास्टिकच्या ड्रममध्येच भिजवतात. तात्या मिश्रण झालं की त्यात विळ्याचं पातं बुडवून बघायचे. पात्यावर तांबूस थर चढला की म्हणायचे, "चुना कमी पडला रे, अजून घाल." तो थर तांब्याचा. तांबं लोखंडावर येऊन बसतं तेव्हा तेवढं लोखंड सुटून पाण्यात जातं. विळ्याला जे एका मिनिटात होतं, ते हौद्यात सांडलेल्या मोरचुदानं वर्षानुवर्षं केलेलं होतं. त्यावर आमची भर पडली. युरियाच्या गोण्या, ज्या हवेतलं पाणी ओढून घेतात. पोटॅश, जे मिठाचं सख्खं भावंड. आणि फुटलेल्या टोमॅटोचं आंबट पाणी, जे क्रेटखाली साचून राहतं आणि चार दिवस कोणाच्या ध्यानात येत नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात तळाचे पोपडे निघायला लागले. त्याच श्रावणात आमच्या वस्तीवरचा एक गडी क्रेट लावताना ओल्या पत्र्यावरून घसरला. कोपर फाळक्यावर आपटलं आणि महिनाभर हात गळ्यात. हातावर पोट असलेल्या माणसाचा हात गळ्यात म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. त्याचा खाडा आम्ही भरून दिला, पण त्याची बायको आमच्या ओट्यावर येऊन बसली होती, काही न बोलता, ते डोळ्यांपुढून जाईना. तेव्हा ठरलं की हंगाम संपला की हौद्याचं काहीतरी करायचं. गंजासाठी तर करायचंच, पण त्यात उभं राहणाऱ्या माणसाच्या पायासाठीही करायचं.

काय करायचं, यावर मात्र गावात जितकी तोंडं तितकी मतं. पारावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "जळकं ऑईल फास, काही होत नाही." त्यानं गंज थांबतो थोडा, पण पाय अजूनच सटकतो आणि मालाला वास लागतो. दुसऱ्यानं डांबर सुचवलं. वैशाखात ते पातळ होऊन क्रेटच्या बुडाला चिकटतं. वेल्डिंगवाला म्हणाला, "चेकर प्लेट टाका, जन्माचं काम." मी घरी येऊन हिशेब मांडला. आमचा हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. तीन मिलिमीटरची प्लेट तेवढ्या मापाची धरली तर वजन एकशेदहा किलोच्या घरात जातं. टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा. म्हणजे दर खेपेला साडेपाच क्रेट लोखंड पिंपळगावला न्यायचं आणि परत आणायचं, आणि त्याचं डिझेल आपण भरायचं. शिवाय जुना पत्रा आणि नवी प्लेट यांच्या फटीत पाणी शिरलं की खालचा पत्रा आत गुपचूप कुजणार.

धाकट्याचं म्हणणं होतं, रबरी मॅट टाकू. साखर कारखान्याच्या जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचे तुकडे विकायला येतात. स्वस्त, जाड, नांगर टाकला तरी फाटत नाहीत. क्रेट सरकत नाहीत, गायीचा पायही घसरत नाही. खोट एकच, खाली ओल धरते. दर आठवड्याला उचलून वाळवली तर ठीक, पण हंगामात रात्री दोनला घरी येणारा माणूस मॅट उचलत बसत नाही.

माझ्या मनात फवाऱ्याचं अस्तर होतं. नाशिकला काही गाड्यांचे हौदे मी पाहिले होते. काळे, खरखरीत, जणू जाड सॅंडपेपर वितळवून ओतलाय. पत्र्याला असे चिकटलेले की खाली पाणी जायला जागाच नाही. तळ आणि चारी फाळके धरून वजन वीस-पंचवीस किलो, म्हणजे एका क्रेटएवढं. पैसे मात्र मॅटच्या कितीतरी पट.

"दादा, एवढे पैसे हौद्याला?" धाकटा म्हणाला. "मॅट बरी. उद्या गाडी विकायची झाली तर गुंडाळून काढून घेता येते."

मी त्याच्याकडं पाहिलं. गाडी विकायची गोष्ट घरात कोणी काढलेली नव्हती. तो बुटाची नाडी बांधायला लागला. आई ओट्यावर लसूण सोलत होती, तिचेही हात क्षणभर थांबले. मी काही विचारलं नाही. आमच्या घरात अशा गोष्टी विचारल्यावर कळत नाहीत. कळायच्या तेव्हा आपोआप कळतात.

त्या वर्षी त्याच्या मनात काहीबाही येणं साहजिकही होतं. जुलैत शहरात टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली, वर्तमानपत्रात शेतकरी करोडपती झाल्याच्या बातम्या आल्या. ते बघून सगळ्यांनी लावला. सप्टेंबर उजाडला तेव्हा तोडणी आणि भाडं सुटेना. रस्त्याकडेला क्रेटच्या क्रेट ओतलेले दिसायचे. धाकट्यानं त्या हंगामात साठ-सत्तर खेपा केल्या असतील. त्याला हिशेब तोंडपाठ होता.

दिवाळीनंतर मी नाशिकला दोन दुकानं पाहून आलो. पहिल्या ठिकाणी काम चाललं होतं. सतरा-अठरा वर्षांचं पोरगं तोंडाला रुमाल बांधून बंदूक चालवत होतं. मालक म्हणाला, "गाडी सकाळी आणा, संध्याकाळी घेऊन जा. गंजाचं टेन्शन घेऊ नका, वरून मारलं की काहीच दिसत नाही."

दिसत नाही, हे खरं होतं. पण त्या पोराच्या रुमालानं माझं मन उडालं. या अस्तरात दोन रसायनं असतात. दोन पिंपांतून तापून, दाबानं, वेगवेगळ्या नळ्यांतून येतात आणि बंदुकीच्या तोंडाशी एकत्र होतात. पॉलियुरिया असेल तर काही सेकंदांत घट्ट. एका पिंपात आयसोसायनेट नावाचा प्रकार असतो. अस्तर पक्कं झाल्यावर त्याचा त्रास नाही. पण फवारताना त्याचे तुषार छातीत गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढं नुसत्या वासानंही उसळतो. रुमालानं धूळ अडते, हे अडत नाही. फवारणी म्हणजे काय ते शेतकऱ्याला कळतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध मारताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हापासून आमच्या घरात मास्कशिवाय पंपाला हात लावायचा नाही असा आईचा दंडक आहे. आपल्या पोराला जे करू देत नाही, ते दुसऱ्याच्या पोराकडून आपल्या हौद्यासाठी कसं करून घ्यायचं?

दुसरं दुकान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत. तिथला मिस्त्री पन्नाशीचा, बोलायला तुसडा. त्याच्या माणसाच्या तोंडावर बाहेरून हवेची नळी जोडलेला पूर्ण मुखवटा होता. त्यानं माझ्याकडून हौद्याचे फोटो मागितले, मोठे करून पाहिले आणि म्हणाला, "अशी गाडी मी घेत नाही. आधी खरडा. पांढरं लोखंड दिसेपर्यंत. भोकं असतील तर वेल्डिंग आधी करून घ्या, नंतर केलं तर अस्तर जळतं. तेलाचा डाग राहिला तर तिथून सुटणार. चार दिवसांच्या कामात तीन दिवस खरडण्याचे, फवारा अर्ध्या तासाचा. मी खरडलं तर मजुरी लागेल. घरी खरडाल तर वाचेल."

हे ऐकताना मला आईचं खळं आठवलं. तात्यांच्या काळी बाजरी काढायच्या आधी खळं करायचं असे. आधी जागा खरडायची, हराळीच्या काशा उपटायच्या, पाणी मारायचं, बैल गोल फिरवून माती दाबायची, धुमसानं चोपायची, भेगा बुजवायच्या. चार दिवस हेच. शेवटच्या सकाळी आई शेणकाला घेऊन बसायची आणि दुपारपर्यंत सारवून मोकळी व्हायची. दाणा मातीत मिसळू नये म्हणून ते सारवण. घराच्या भिंतीचंही तसंच. लहानपणी मी घाई केली की ती हातातलं पोतेरं बाजूला ठेवून सांगायची, "पोपड्यावर सारवलं तर पोपडा सारवण घेऊन खाली येतो."

मिस्त्रीनं जाताना इपॉक्सी प्रायमरचा डबा आणि त्याचं हार्डनर दिलं. "खरडलं की त्याच दिवशी याचा हात मारा. लोखंड रात्रभर उघडं ठेवू नका. तुमच्याकडं दंव पडतं."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं हौद्यात उतरलो. ग्राइंडरला तारेचा ब्रश, हातात पॉलिश पेपर, डोळ्यांवर चष्मे, तोंडावर मास्क. पहिल्या दिवशी वरचे पोपडे निघाले. चाकावरच्या उंचवट्याजवळ करंगळी जाईल एवढी दोन भोकं सापडली. वेल्डर बोलावून ती बुजवून घेतली. दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबरला, सकाळपासून फोन वाजायला लागले. सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली होती. लिलाव बंद पडले, रस्त्यावर लोक बसले. आमचा रांगडा कांदा अजून वावरात उभा होता. हौद्याचे पैसे त्यातूनच निघायचे होते.

धाकट्यानं बातमी वाचली, फोन खिशात टाकला आणि ग्राइंडर पुन्हा चालू केला. दुपारी लाईट गेली. एवढ्या आवाजानंतर एकदम शांतता झाली की माणसाला बोलावंसं वाटत असावं.

"दादा, मी नाशिकला जाऊ राहिलो," तो म्हणाला. "एका गोदामावर ड्रायव्हरची नोकरी आहे. महिन्याचा पगार. पोरीला तिथल्या शाळेत घालायचं. खोलीच्या डिपॉझिटला पैसे पाहिजे होते, म्हणून गाडी विकावी असं मनात होतं. तुला सांगायचं तर सांगता येईना."

मी हौद्याच्या कडेवर बसलो होतो. शेती सोडतोय का, असं विचारायचं तोंडाशी आलं होतं. पण तो वर्षाचे बारा महिने रात्री-बेरात्री गाडी चालवत होता आणि हातात भाव नावाची वस्तू कधी त्याच्या मर्जीनं आली नव्हती. ठरलेल्या तारखेला येणारा पगार त्याला गोड वाटला, यात नवल काय?

"कधी जायचं?"

"जानेवारीत म्हणत होतो. आता बघू. हातात काय येतं त्यावर."

"मग मॅटच टाकू," मी म्हणालो. "आज प्रायमर मारू. मॅट टाकून ठेवू. गाडी विकायची का ठेवायची ते तू सांग."

तो काही बोलला नाही. हात पुसले, हौद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. दोन दिवसांत पत्रा पांढरा झाला होता. उन्हात डोळ्यांवर येत होता. आम्ही ती गाडी घेतली तेव्हाही तो एवढा स्वच्छ पाहिला नव्हता.

"एवढं घासल्यावर मॅट कशाला टाकायची?" तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पण सगळीकडं नको मारायला. मिस्त्री स्क्वेअर फुटावर पैसे घेतो ना? तळ आणि कडेनं वीतभर. ओल तिथंच राहते. फाळक्याच्या वरच्या भागाला रंगाचा हात मारू. तेवढ्यात भागेल."

मला हे सुचलं नव्हतं. मी सगळा हौदा धरून हिशेब करत होतो. तो रोज त्यात उभा राहायचा, त्याला ठाऊक होतं पाणी कुठवर चढतं.

लाईट संध्याकाळी आली. आम्ही थिनरनं पत्रा पुसला आणि विजेरीच्या उजेडात प्रायमरचा हात संपवला. दंव पडायच्या आत. पाणी निघून जायची चार भोकं होती, त्यांत त्यानं लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, म्हणजे अस्तरानं बुजायला नकोत. हेही मिस्त्रीनं सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अंबडला गाडी लागली. मिस्त्रीनं प्रायमर पुन्हा हलका घासून घेतला, कडेला चिकटपट्टी लावली आणि आम्हाला दाराबाहेर काढलं. अर्ध्या तासात काम झालं. ऊन लागून काळा रंग विटू नये म्हणून वरून आणखी एक पातळ हात दिला. पैसे देताना त्यानं पहिल्यांदा हसून विचारलं, "घासलं कोणी?" धाकट्यानं माझ्याकडं बोट केलं, मी त्याच्याकडं.

घरी आल्यावर आई काठी टेकत आली. तिनं फाळक्यावरून हात आत घालून त्या खरखरीत काळ्या तळावर फिरवला, जसा ती वाळलेल्या सारवणावर फिरवायची.

"पोपडे नीट काढले ना रे?"

"काढले."

"मग राहील," म्हणाली आणि आत गेली.

निर्यातबंदी उठली ती २०२४ च्या मे महिन्यात. रांगडा तोवर मिळेल त्या भावानं गेला होता. उन्हाळ कांद्यातून डिपॉझिटचे पैसे उभे राहिले. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी धाकट्याचं बिऱ्हाड नाशिकला गेलं. भांडी, गाद्या, पोरीची सायकल, गव्हाची दोन पोती, सगळं याच हौद्यातून. सामान लावताना बारीक पाऊस चालू होता. तो गडीही मदतीला आला होता, ज्याचा हात मोडला होता. चपला काढून तो हौद्यात चढला, दोनदा पाय आपटून पाहिला आणि मग फ्रिज उचलायला खाली वाकला.

या अस्तराचे तोटेही आता कळलेत. भरलेला क्रेट पूर्वीसारखा ढकलून मागं आणता येत नाही, उचलावाच लागतो. गुडघे टेकले तर सोलतात. वैशाखात दुपारी काळ्या तळावर हात ठेववत नाही. भाजी न्यायची तर खाली गोणपाट अंथरावं लागतं. पण टोमॅटोचं पाणी पाइप मारला की चार भोकांतून निघून जातं. मोरचूद अजूनही ड्रममध्येच आणतो, आणि ड्रम बांधूनच.

गेल्या पावसाळ्यात नांगराचा फाळ टाकताना एका कोपऱ्यात रुपयाएवढा टवका उडाला. मी त्याला फोनवर सांगितलं. म्हणाला, "तू काही लावू नको, मी येतो." दिवाळीला आला तो मिस्त्रीकडून छोटी बाटली घेऊनच. अभ्यंगस्नान, फराळ झाला आणि तो हौद्यात जाऊन बसला. पोरगी शेजारी उकिडवी बसून बघत होती. तिनं बाटली हातात घेऊन टोपण उघडायला सुरुवात केली, तर त्यानं तिच्या हातातून ती काढून बाजूला ठेवली आणि पॉलिश पेपर दिला.

"आधी हे," म्हणाला.